भाऊबीजेची ट्यूब

मंडळी, आज थोडं वेगळं लिहितोय. आजवर इथे शाळेच्या, पुस्तकांच्या, गिरणाकाठच्या आठवणी लिहिल्या. स्वतःच्या तोंडाबद्दल काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. परतताना एस.टी.त शेजारी एक कॉलेजातली मुलगी बसली होती. पारोळा सोडल्यावर तिने पर्समधून एक छोटी ट्यूब काढली, बोटावर थोडं मलम घेतलं आणि मोबाईलमध्ये बघत दोन्ही गालांना चोळलं. ट्यूब माझ्या चांगल्या ओळखीची होती. एरंडोल येईपर्यंत मी मनाशी घोळवत होतो, बोलावं की नाही? परक्या मुलीला तिच्या चेहऱ्याबद्दल एका म्हाताऱ्याने काय सांगायचं? पाळधीला ती उतरून गेली. मी बोललो नाही.

तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात २०१४ सालची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्यात माझं नाक आणि दोन्ही गाल लाल व्हायला लागले. जळगावचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कोण लाल होत नाही! म्हणून मीही दुर्लक्ष केलं. पण पावसाळा आला, दिवाळी आली, तरी लाली काही जाईना. गरम चहा घेतला की तोंडावर कुणी निखारा धरल्यासारखं व्हायचं. नाकावर बारीक पुटकुळ्या यायच्या, तारुण्यपीटिका असाव्यात तशा. चौसष्टाव्या वर्षी तारुण्यपीटिका! आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, उशिरा का होईना, तारुण्य आलं म्हणायचं."

घरात थट्टा चालते. बाहेरची जरा जड जाते. एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. मागच्या ओळीत कुणीतरी हळूच म्हणालं, "सर घेतात की काय हल्ली? नाक बघितलं का?" आयुष्यात कधी थेंबाला शिवलो नाही. सदतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, त्या गावात नाकावरून आपलं चारित्र्य ठरावं! मला राग आला नाही, लाज वाटली. आणि लाज वाटली की तोंड आणखी लाल होतं, हे या दुखण्याचं खास वैशिष्ट्य. म्हणजे आरोप करणाऱ्याला पुरावा लगेच समोर हजर.

मग घरगुती उपाय झाले. बेसन-हळद झाली, मुलतानी माती झाली, कुणी सांगितलं म्हणून लिंबूही चोळलं. लिंबाने जे झालं ते लिहीत नाही. दाढीनंतर तुरटी फिरवायची जुनी सवय होती, तीही चालूच होती. प्रत्येक उपायाने आग वाढायची आणि मी समजायचो की 'औषध लागू पडतंय'.

शेवटी एका माजी विद्यार्थ्याच्या मेडिकल दुकानात गेलो. गुणी मुलगा. आजही दिसला की भर रस्त्यात वाकून नमस्कार करतो. त्याने तोंड बघितलं, आतून एक ट्यूब आणून हातावर ठेवली आणि म्हणाला, "सर, रोज रात्री लावा, आठ दिवसांत फरक." पैसे घेतले नाहीत. गुरुदक्षिणा म्हणाला.

आठ दिवस कशाला, तिसऱ्याच दिवशी फरक पडला. लाली गेली, पुटकुळ्या बसल्या, चेहरा असा गुळगुळीत झाला की सौ.सुद्धा दोनदा बघायला लागल्या. मी ट्यूब बंद केली. चार दिवसांत लाली परत, आणि पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा लावलं, पुन्हा गेली. असं करता करता ते मलम चहासारखं रोजचं झालं. संपायच्या आधीच दुसरी ट्यूब घरात असायची.

आता खरी सांगायची गोष्ट. २०१५ च्या भाऊबीजेला धुळ्याला गेलो. धाकट्या बहिणीने ओवाळलं. ती जरा सावळी आहे, माझ्यासारखी लाल दिसत नाही, पण तिच्याही गालांवर तपकिरी छटा आली होती आणि 'दादा, तोंड नुसतं जळतं रे' ही तिची तक्रार होतीच. कुणी वांग म्हणत होतं, कुणी ॲलर्जी. मी पिशवीतून साडी काढली आणि साडीवर माझ्याकडची नवी कोरी ट्यूब ठेवली. म्हटलं, "ही लाव. माझं बघ कसं झालंय."

तिने लावली. भावाने दिलेली, न लावून कशी चालेल?

दीड वर्षानंतर, मार्च २०१७ मध्ये, माझी अवस्था अशी झाली की मलम लावूनही आग थांबेना. गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेघा उठल्या. कातडी इतकी पातळ झाली की टॉवेलनेही चरचरायचं. तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. जळगावातल्याच एक तरुण डॉक्टर बाई. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तोंडाला काय काय लावता?" मी खिशातून ट्यूब काढून दिली. त्यांनी ती उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. त्यात तीन औषधं होती. एक बुरशीवरचं, एक अँटिबायोटिक आणि तिसरं क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉईड, आणि तेही या जातीतल्या सर्वांत तीव्र औषधांपैकी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुम्ही मुलांना प्रश्नपत्रिका दोनदा वाचायला सांगत असाल ना? ही एकदाही नाही वाचलीत?"

मंडळी, सदतीस वर्षांत मला कुणी इतकं नेमकं नापास केलं नव्हतं.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. माझं मूळ दुखणं रोझेशिया. यात चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या जरा कारण मिळालं की फुलतात, त्वचा हुळहुळी होते, पुटकुळ्या येतात, काहींचं नाक पुढे जाडही होतं. हे संसर्गजन्य नाही आणि दारूमुळे होतं ही समजूत खोटी आहे. दारू न पिणाऱ्यालाही होतं. घराण्यात असलं तर शक्यता वाढते. कायमचं बरं होईल असं औषध नाही, पण ताब्यात राहतं. गोऱ्या माणसांत लाली लगेच दिसते. आपल्याकडच्या सावळ्या रंगात ती लपते आणि आग, चरचर, खडबडीतपणा हीच लक्षणं उरतात. म्हणून निदान उशिरा होतं किंवा दुसऱ्याच रोगाचं होतं. (हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर धुळे उभं राहिलं.)

आणि या मूळ दुखण्यावर दुसरं दुखणं मी स्वतः चढवलं होतं. स्टेरॉईडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली झटपट जाते. पण रोज लावलं तर कातडी विरत जाते, आणि बंद केलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या सूड घेतल्यासारख्या दुप्पट फुलतात. माणूस घाबरून पुन्हा लावतो. त्वचेच्या डॉक्टरांनी या प्रकाराला 'टॉपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलं आहे, आणि ते आपल्या भारतातल्या डॉक्टरांनी दिलं आहे. आपल्याकडेच रुग्ण इतके की नाव द्यावं लागलं! २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशभरातल्या केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले होते. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. या ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं, आणि ३९२ जणांना त्याचा त्रास झालेला होता.

डॉक्टर नसलेलं कुणीतरी. म्हणजे दुकानदार, शेजारीण, मैत्रीण. किंवा भाऊ.

तिथूनच धुळ्याला फोन लावावा असं वाटलं, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, आयुष्यात शेकडो वेळा केलेला, पण त्या दिवशी मुकटी, फागणे येऊच नये असं वाटत होतं. बहिणीच्या घरी तयारी चालली होती, मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं. तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग उठून आतून ट्यूब आणली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "दादा, मी ही कुठे मागितली होती? तू दिलीस म्हणून लावली."

मी काही बोलू शकलो नाही.

जरा वेळाने ती म्हणाली, "लग्न होईपर्यंत बंद करणार नाही. नवऱ्या मुलाची आई आहे मी. पेटलेलं तोंड घेऊन मांडवात उभी राहू?" पंगतीतली ती कुजबुज मी ऐकलेली होती, त्यामुळे कुठल्या तोंडाने आग्रह करणार? तरी एक केलं. तिला धुळ्यातल्याच त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून बघितलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. तिलाही मुळात रोझेशियाच. आणि डोळ्यांत कचकच होते, पाणी येतं, ती धूळ नव्हे, तोच रोग डोळ्यांत उतरलाय, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते तिने लगेच दाखवलं. मलम लग्न पार पडल्यावर बंद केलं.

माझं त्याआधीच बंद झालं होतं. मलम सोडल्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. एप्रिल-मे, खान्देशातलं ऊन, आणि तोंडाची नुसती भट्टी. पहिले तीन आठवडे रात्री झोप नाही. सौ. माठातल्या पाण्यात मऊ सुती फडकं भिजवून गालावर ठेवत आणि उशाशी बसून राहत. डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं होतं, "आधी वाढेल, मग कमी होईल. मधे पळून जायचं नाही." कमी मात्रेच्या गोळ्या काही आठवडे दिल्या, आणि लावायची औषधं त्वचा जरा सावरल्यावर एकेक करून सुरू केली, एकदम सगळी नाही.

पहिलं मेट्रोनिडाझोलचं जेल. नाव वाचून चमकलो. अहो, आव पडली की घेतो त्या गोळीतलं हेच औषध! त्वचेवर ते दाह शमवतं. दुसरं ॲझेलेइक ॲसिड. हे गहू-बार्लीसारख्या धान्यांतही असतं. पहिले काही दिवस लावल्यावर मुंग्या येतात, म्हणून सुरुवात एक दिवसाआड. दाह कमी करता करता ते काळसर डागही हलके करतं, त्यामुळे बहिणीला त्याचा जास्त उपयोग झाला. तिसरं, पुढे मिळालेलं, आयव्हरमेक्टिनचं क्रीम. आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे, डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव राहतात. रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली आढळते. हे औषध त्यांना आवरतं. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून हे औषध निघालं आणि त्या कामासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. मातीत हात घालणाऱ्या आपल्या खान्देशी माणसाला हे आवडावं.

ही नावं मी माहितीसाठी लिहिली आहेत, दुकानात जाऊन मागण्यासाठी नव्हे. नाहीतर माझ्या त्या भाऊबीजेत आणि या लेखात फरक काय राहिला? कुणाला काय, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मला शिकण्यासारखी वाटली ती औषधांची चाल. ही सगळी हळू चालतात. तीन दिवसांत काही होत नाही. सहा-आठ आठवडे लावत राहावं, तेव्हा कुठे 'बहुतेक कमी आहे' असं वाटतं. हरभऱ्याएवढं घ्यायचं, पातळ पसरायचं, चोळायचं नाही. ज्याला तीन दिवसांच्या चमत्काराची सवय लागली, त्याला हे फार जड जातं. शाळेत गाईड पाठ करून पास होणाऱ्या मुलाला मूळ पुस्तक वाचायला लावावं ना, तसं.

त्याबरोबर रोजची शिस्त आली. मी एक वही केली. रोज तोंडाला दहापैकी गुण द्यायचे आणि दिवसभरात काय खाल्लं, कुठे गेलो ते लिहायचं. शेवभाजी, ठेचा, भरीत हेच आपले वैरी असणार अशी माझी खात्री होती. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी मी भरीत सोडायचं, म्हणजे काय! पण दोन महिन्यांची वही बघितली तर तिखटापेक्षा ऊन आणि वाफाळता चहा हे मोठे गुन्हेगार निघाले. भरीत खाल्लेलं चालत होतं, काड्यांच्या जाळाशी उभं राहून वांगी भाजणं चालत नव्हतं. बहिणीचं उलटं, तिला हिरवी मिरची अजिबात सोसत नाही. प्रत्येकाची वही निराळी.

आता चहा कोमट पितो. (सौ.च्या मते तो चहाच नव्हे.) दुपारी अकरा ते चार बाहेर पडत नाही. पडलोच तर रुंद काठाची टोपी, आणि झिंक ऑक्साईड असलेलं सनस्क्रीन. तुरटी बंद, वासाचा साबण बंद, तोंड पुसायचं नाही, टिपायचं. एस.टी.त ज्या बाजूला ऊन येणार नाही ती खिडकी धरायची.

माझं तोंड आता बरंचसं शांत आहे. उन्हाळ्यात दोन-तीनदा उसळतं, मग बसतं. नाक थोडं जाड झालंय, ते तसंच राहणार. पुण्याच्या नातवाने एकदा विचारलं, "आजोबा, तुमचं नाक असं का?" मग त्यानेच मोबाईलवर शोधून एक चित्र दाखवलं. घिरलांदायो नावाच्या इटालियन चित्रकाराचं, १४९० च्या सुमाराचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेलं. एक म्हातारा आजोबा, त्याचं नाक गाठीगाठींचं, माझ्या नाकाच्या कितीतरी पट. आणि त्याच्या कुशीतला नातू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतोय, छातीवर हात ठेवून. त्या पोराच्या नजरेत नाक कुठेच नाही. ते चित्र मी छापून घेतलंय, टेबलाच्या काचेखाली आहे.

बहिणीचं तोंड माझ्याइतकं सुधारलं नाही. गालांवरच्या बारीक रेघा आणि काळसर डाग थोडे राहिलेच. ती त्याबद्दल बोलत नाही. मीही बोलत नाही, पण तिच्याकडे गेलो की आधी तिथेच नजर जाते.

आणि तो मेडिकलवाला विद्यार्थी? त्याच्याकडे मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याने पायाला हात लावला आणि मी नुसतीच विचारपूस करून परत आलो. दुसऱ्यांदा रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवली आणि सांगितलं. तो खजील झाला. म्हणाला, "सर, लोक नावाने मागतात. मी नाही दिली तर पुढच्या दुकानातून घेतात." २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. त्यानंतर तो आपणहून घरी आला आणि म्हणाला, "सर, आता मी चिठ्ठी मागतो." मी शाबासकी दिली. नियम झाला तरी त्या मुलीच्या पर्समध्ये ट्यूब होतीच, हेही खरं. त्याला मी फार बोलू शकलो नाही. त्याने एकाला दिली, मी एकीला दिली. दोघांनीही प्रेमानेच दिली.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो तेव्हा बहिणीने जुने फोटो काढले होते. त्यात आमच्या आईचा एक होता, पारोळ्याजवळच्या आमच्या गावच्या घरात चुलीशी बसलेली. आईचे गाल कायम लाल असायचे. आम्ही लहान होतो, विचारलं तर पऱ्हाटी चुलीत सारत ती म्हणायची, "काही नही रे, चुल्हानी धग शे." आयुष्यभर सगळ्यांनी तेच मानलं. डोळ्यांना पदर लावायची, तोही धुराने असं आम्ही समजायचो. फोटो काळा-पांढरा आहे, त्यात लाली दिसत नाही. आम्ही दोघं बराच वेळ तो फोटो बघत बसलो. मग बहीण म्हणाली, "दादा, हिला कुणी ट्यूबसुद्धा दिली नाही रे."

तिने मला माफ केलं असं तिला म्हणायचं होतं, की आणखी काही, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. तिने कोमट चहा आणला आणि आम्ही तो प्यालो.

असो. त्या एस.टी.तल्या मुलीपर्यंत हे पोहोचणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरात, आरशामागच्या कप्प्यात तशी एखादी ट्यूब असेल तर तेवढी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावून वाचा. आणि स्टेरॉईड निघालं तर घाबरून एकदम फेकून देऊ नका. ती ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.